घरात खाकी, वस्तीत कोंबिंग

जानेवारी २०२५ मधला एक रविवार. नांदेडातल्या एका विहारात सकाळची वंदना संपली होती. आम्ही दोन गोष्टी मांडल्या. एक, परभणीत अटक झालेल्या पोरांच्या जामिनासाठी वर्गणी काढायची. दुसरी, सोमनाथ सूर्यवंशीचा फोटो विहारात महिनाभर ठेवायचा. त्यावर मागच्या सतरंजीवरून एक निवृत्त जमादार उठले. वय सत्तरीच्या आसपास, पांढरा सदरा, आवाजात अजूनही परेडचा कडकपणा.

"बाबा हो, वंदना झाली की घरी जावा. इथं पोलिसांच्या नावानं बोंबलू नका. माझी दोन लेकरं खात्यात हायेत. या विहारात बसलेल्या दहा घरांतली लेकरं खात्यात हायेत. तुम्ही कुणाला शिव्या देऊ लागलेत, जरा बघा."

विहारात शांतता पसरली. दोन-तीन बायांनी माना हलवल्या. एक तर रडायलाच लागली, कारण तिचा मुलगा त्या आठवड्यात बंदोबस्ताला गेलेला होता आणि कुठे गेला हे तिला ठाऊक नव्हते. वर्गणी निघाली, पण अर्धी. फोटो लागला नाही.

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. वयाचा मान होता, आणि खरे सांगायचे तर लगेच देता येईल असे उत्तर आमच्याकडे नव्हतेही. पण तेव्हापासून हेच बोलणे आम्ही लातूरच्या वस्त्यांत ऐकले, उदगीरला ऐकले, फोनवर ऐकले. 'पोलीस आता आपलेच आहेत.' 'विहारात राजकारण नको.' 'धम्म मैत्री शिकवतो, द्वेष नाही.' ही तीन वाक्ये एकत्र बांधून आपल्याच माणसांच्या तोंडात बोळा कोंबला जातो आहे. म्हणून आज उत्तर देतो.

आधी झाले काय ते आठवू, कारण विसरायला लावण्याची घाई फार आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, त्यात दगडफेक आणि जाळपोळ. त्यानंतर पोलीस वस्त्यांत घुसले. कोंबिंग ऑपरेशन हा शब्द आम्ही जंगलातल्या नक्षलवाद्यांसाठी ऐकला होता, तो आमच्या घरांच्या दारांना लागला. बायाबापड्यांना मारले, पोरांना उचलले. त्यात सोमनाथ होता. पस्तीस वर्षांचा, वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद आली. पाठोपाठ, सोमनाथला निरोप देऊन आलेले परभणीचे ज्येष्ठ नेते विजय वाकोडे हृदयविकाराने गेले. आणि हिवाळी अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सांगितले की मारहाण झालीच नाही, सोमनाथला श्वसनाचा आजार होता.

पुढचेही ठाऊक असू द्या. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पोलिसांना जबाबदार धरले. तरी गुन्हा नोंदवला गेला नाही. सोमनाथची आई विजयाबाई उच्च न्यायालयात गेल्या, त्यांच्या बाजूने बाळासाहेब आंबेडकर स्वतः उभे राहिले. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धावले आणि ३० जुलैला तिथेही हरले. म्हणजे कोठडीत लेक गेलेल्या एका बाईला, फक्त एक एफआयआर नोंदवून घ्यायला, साडेसात महिने आणि देशातले सर्वांत मोठे न्यायालय लागले. जमादारकाका, तुम्ही उभ्या आयुष्यात किती एफआयआर लिहिले असतील. किती वेळ लागतो एका एफआयआरला?

आता तुमच्या मुद्द्याकडे येतो. तो उडवून लावण्यासारखा नाही.

नांदेड-लातूरकडच्या आपल्या पोरांचे आयुष्य आम्ही बघतो. पहाटे चारला उठून मैदानावर सोळाशे मीटरची धाव, शंभर मीटर, गोळाफेक. पन्नास मार्क मैदानाचे, शंभर लेखीचे. बाप ऊसतोडीला, नाहीतर बिगारी कामावर. आई दोन घरची भांडी घासते आणि पोराला सकाळी भिजवलेले हरभरे देते. अकॅडमीची फी कर्जाने भरलेली. एकशेपासष्ट सेंटिमीटर उंचीत अर्धा सेंटिमीटर कमी भरला म्हणून रडत परत आलेली पोरे आम्ही पाहिली आहेत. ज्याची निवड होते तो बाभळगावच्या किंवा दुसऱ्या एखाद्या प्रशिक्षण केंद्रातून खाकी घालून वस्तीत येतो, त्या दिवशी वस्ती त्याला डोक्यावर घेते. का घेऊ नये? शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांकडे अर्ज केला होता, तो आमच्या लोकांना सैन्यात आणि पोलिसात शिपाई म्हणून घ्या, एवढ्यासाठीच. शिपाई! तेवढेही मिळत नव्हते. पोलीस ठाण्यात सगळे सवर्ण, त्यामुळे अस्पृश्याची फिर्याद दारातच मरते, हे बाबासाहेबांनी पुन्हा पुन्हा लिहिले आहे. आपली माणसे ठाण्यात असावीत ही मागणी आपलीच आहे, ती कुणी आपल्यावर लादलेली नाही. म्हणून 'खाकी घातली तो गद्दार' असे जे काही तरुण फेसबुकवर लिहितात त्यांच्याशी आमचे पटत नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांनी स्वतः भरतीचे फॉर्म भरलेले असतात, ही वेगळी गोष्ट.

पण मागणी कशासाठी होती? फिर्याद दारात मरू नये म्हणून. आता फिर्याद मरते तेव्हा दारात आपलाच पोरगा उभा असेल आणि तो गप्प असेल, तर मागणी पूर्ण झाली की तिची थट्टा झाली?

इथे थोडे मागे जाऊ. आपल्या पूर्वजांना गावकीत एक काम होते, वेसकराचे. रात्री वेशीवर जागायचे, चोराचा माग काढायचा, सरकारी खजिन्यासोबत चालायचे, पाटलाचा निरोप पोचवायचा. हातात काठी. म्हणजे गावचा पहिला पोलीस आपणच होतो, काकाजी. आपल्या निष्ठेची तारीफही होत असे, महार इमानी म्हणून. मोबदला काय, तर बलुतं आणि शिळी भाकर. काठी होती, अधिकार नव्हता. चोर पकडायचा, पण पंचायतीत बसायचे नाही. गाव राखायचे, पण पाणवठ्यावर जायचे नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणले ते उगाच नाही. त्यांनी ओळखले होते की हक्काशिवायची निष्ठा म्हणजे गुलामीच, फक्त तिच्या गळ्यात इनामाचा पट्टा असतो. वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडले, तेव्हा बाबासाहेब नव्हते.

आमचा प्रश्न एवढाच आहे की खाकीचे आपण नवे वतन तर करत नाही ना? पगार, क्वार्टर, पेन्शन, गावात मान, आणि त्या बदल्यात वस्तीवर लाठी चालली की खाली मान.

कुणी म्हणेल, पोलीस खात्यात जात नसते, वर्दीला जात नसते. असे असते तर बरे झाले असते. बीड जिल्ह्यात २०२५ साली पोलीस अधीक्षकांना कर्मचाऱ्यांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावे काढून नुसती पहिली नावे ठेवावी लागली. का? कारण छातीवरचे आडनाव वाचून लोक जात ओळखत होते आणि तपासावर संशय घेत होते. खात्याने स्वतःच कबुली दिली. आडनाव झाकले म्हणून हजेरीपटावरचे, बदलीच्या यादीतले आणि साहेबाच्या डोक्यातले आडनाव पुसले जात नाही, हे तुमच्या मुलांना विचारा. चौदा एप्रिलला ते कुठे असतात तेही विचारा. बाबासाहेबांच्या मिरवणुकीला, पण बंदोबस्ताच्या दोरीच्या पलीकडे.

पोलीस शिपायाची मजबुरी आम्हाला समजते. बारा-बारा तास ड्युटी, रजा नाही, संघटना नाही. महाराष्ट्रातल्या पोलिसांनी १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत संप केला, तो मोडला गेला आणि संघटनेची मान्यता गेली, ती आजतागायत. सफाई कामगाराला युनियन आहे, मास्तरला आहे, तहसीलच्या कारकुनाला आहे. पोलीस शिपायाला नाही. साहेबाला 'नाही' म्हणायचे तर त्याने एकट्याने म्हणायचे. एकटा माणूस फार वेळ नाही म्हणू शकत नाही. म्हणून त्याच्यामागे कोण उभे राहणार हा खरा प्रश्न आहे, आणि तिथेच विहाराचा संबंध येतो.

'धम्मात राजकारण नको' म्हणणाऱ्यांनो, दर वर्षावासात आपण विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. आषाढी पौर्णिमेला सुरुवात करतो, आश्विनात संपवतो. मग पहिल्या खंडातला शाक्य संघाचा भाग वाचताना तुमचे लक्ष कुठे असते? बाबासाहेबांचा सिद्धार्थ म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून घर सोडत नाही. ती कथा बाबासाहेबांनी नाकारली. त्यांचा सिद्धार्थ शाक्य संघाचा शपथबद्ध सभासद आहे. तनमनधनाने संघाच्या हिताचे रक्षण करीन अशी शपथ त्याने घेतली आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी तंटा होतो. सेनापती युद्धाचा ठराव आणतो. सिद्धार्थ म्हणतो, आधी चौकशी करा, चूक कुणाची ते ठरवा, पंच नेमा. बहुमत त्याच्याविरुद्ध जाते. सैन्यात भरती व्हायचा हुकूम निघतो, तेव्हा तो उभा राहून सांगतो की मी येणार नाही. सेनापती शपथेची आठवण करून देतो. मग धमकी कशाची येते? घराण्यावर सामाजिक बहिष्काराची आणि जमीन जप्तीची. मराठवाड्यातल्या माणसाला बहिष्कार म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. सिद्धार्थ म्हणतो, घरच्यांना शिक्षा करू नका, दोष माझा, शिक्षा मला द्या. आणि परिव्रज्या स्वीकारतो.

म्हणजे आपल्या धम्माची सुरुवातच शपथ घेतलेल्या माणसाने आपल्याच संघाला दिलेल्या नकाराने होते. खाते मोठे की न्याय मोठा, हा प्रश्न विहाराबाहेरचा आहे असे म्हणणाऱ्याने हे पुस्तक वाचले नाही, किंवा वाचले आणि पान उलटून पुढे गेला.

त्याच पुस्तकात वैशालीचा सेनापतीही आहे. तो बुद्धांना विचारतो की तुम्ही अहिंसा सांगता, मग गुन्हेगाराला सोडून द्यायचे का? बुद्ध म्हणतात, नाही. अपराध्याला शिक्षा झाली पाहिजे आणि निरपराध्याची सुटका झाली पाहिजे. शिक्षा देणाऱ्याच्या मनात द्वेष नसावा. इतके सरळ आहे. पोलिसाचे काम धम्माला वर्ज्य नाही. परभणीत दगड मारणाऱ्याला पकडा, कोर्टात उभा करा, आमची ना नाही. पण ज्याचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे अशा माणसाला कोठडीत मरेपर्यंत मारणे हे पोलिसाचे काम नव्हे. तसे करणारा पोलीसही अपराधीच, आणि त्यालाही शिक्षा झाली पाहिजे, हे त्याच उत्तरात आले. मैत्री म्हणजे अपराध्याला पाठीशी घालणे, असे कोणत्या सुत्तात आहे?

या मैत्रीवरून आठवले. परभणीहून मुंबईकडे निघालेला लाँग मार्च नाशिकला थांबला, तेव्हा सत्ताधारी बाजूच्या एका आमदाराने सल्ला दिला होता की मोठे मन करून पोलिसांना माफ करा. मोठे मन नेहमी आपणच करायचे असते! परभणीच्या घटनेच्याच आठवड्यात, ९ डिसेंबरला, मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा निर्घृण खून झाला. त्यांच्या मारेकऱ्यांना फाशी मागताना कुणी मोठ्या मनाची भाषा केली नाही, आणि करूही नये. तो खून होता. मग सोमनाथचा मृत्यू काय होता? क्षमा मागायला आधी गुन्हा कबूल करावा लागतो. तेव्हा कबुली नव्हती, एफआयआर नव्हता, आणि क्षमेची वसुली मात्र सुरू होती. अंगुलिमालाला बुद्धांनी जवळ केले हे खरे. पण आधी त्याने शस्त्र टाकले, आणि नंतर भिक्षेला गेल्यावर लोकांचे दगड निमूट खाल्ले. माझ्याविरुद्ध तक्रार नोंदवू नका म्हणून तो वरच्या कोर्टात गेला नाही.

ही अडचण आपली एकट्याची नाही. अमेरिकेत १९६३ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होते. बाहेर आठ गोऱ्या धर्मगुरूंनी निवेदन काढले की आंदोलन थांबवा, आणि शांतता राखल्याबद्दल पोलिसांचे अभिनंदनही केले. किंग स्वतः पाद्री. त्यांनी तुरुंगातून जे उत्तर लिहिले त्यात ख्रिस्ती माणसाला ख्रिस्ती भाषेतच विचारले की निःशस्त्र माणसांवर कुत्रे सोडणाऱ्यांची तुम्ही कशी स्तुती करता. चर्च हे पोलिसांच्या बाजूने शांततेचे फलक लावण्याचे ठिकाण नव्हे, हे त्यांनी चर्चमध्ये राहूनच सांगितले. आणि वर्दीतला माणूस आपल्या रंगाचा असला की सगळे ठीक होते, असे समजणाऱ्यांनी मेंफिस शहर आठवावे. जानेवारी २०२३ मध्ये तिथे टायर निकोल्स या काळ्या तरुणाला पोलिसांनी इतके मारले की तीन दिवसांनी तो मेला. त्या प्रकरणात ज्यांच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला ते पाचही पोलीस काळे होते. माणसे बदलली, खात्याची सवय बदलली नाही. सवय माणसांना खाते.

आपल्याकडचा कायदा तर याहून टोचणारी गोष्ट सांगतो. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ नुसार, जो लोकसेवक या कायद्याखालचे कर्तव्य जाणूनबुजून टाळतो त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. पण हे कलम अनुसूचित जाती-जमातीच्या लोकसेवकाला लागू नाही. कायद्याने गृहीत धरले की आपला माणूस आपल्या माणसाची फिर्याद कशाला दाबेल? नियम १३ तर सांगतो की पोलीस दलात, विशेषतः ठाण्यांच्या पातळीवर, अनुसूचित जाती-जमातीचे पुरेसे लोक असले पाहिजेत. तुमच्या लेकरांवर संसदेने ठेवलेला हा विश्वास आहे. इतर कुणाला तुरुंगाची भीती घालावी लागते, तुमच्या लेकराला ती घातलेली नाही. काका, या विश्वासाचे काय करायचे ते घरात बसून बोला.

आम्ही राजीनामे मागत नाही. राजीनामा दिला की ती खुर्ची रिकामी राहत नाही, आणि तिच्यावर कोण बसेल ते ठाऊक आहे. आमचे मागणे साधे आहे आणि म्हणूनच अवघड आहे. कोठडीत साक्षीदार कोण असतो? एक तर आरोपी, नाहीतर पोलीस. आरोपीची साक्ष वकील दहा मिनिटांत फाडतो. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ साली सही केली, पण आजवर तो मंजूर केला नाही आणि स्वतंत्र कायदाही केला नाही. अशा वेळी ठाणे अंमलदाराची डायरी आणि त्या रात्री पहाऱ्यावर असलेल्या शिपायाचे तोंड, एवढाच पुरावा उरतो. परभणीतले काय किंवा उद्या नांदेड-लातूरमध्ये होईल ते काय, खटल्याचा निकाल त्या एका शिपायावर टांगलेला असतो. तो आपला असो की नसो. पण आपला असेल तर त्याने डायरीत खरी वेळ लिहावी, अटकेचा पंचनामा आणि दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी या डी. के. बसू खटल्यातल्या १९९६ च्या आदेशांची आठवण करून द्यावी, आणि कोर्टाने बोलावले तर जे पाहिले ते सांगावे. 'वरून हुकूम होता' हा बेकायदा मारहाणीचा बचाव नाही, हे तर त्याला प्रशिक्षणातच शिकवलेले असते.

हे केले तर त्याची बदली होईल, वेतनवाढ थांबेल, कदाचित निलंबनही येईल. ठाऊक आहे. म्हणूनच विहाराची गरज आहे. त्या पोराचे सहा महिन्यांचे घरभाडे विहार भरेल का? त्याची बाजू मांडायला वकील देईल का? की तेव्हाही आपण वंदना झाली की घरी जाऊ?

नांदेडला हे प्रश्न नवे नाहीत. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना १९७८ च्या ऑगस्टमध्ये जाळून मारले तेव्हा या जिल्ह्यात पोलीस ठाणी होतीच. १९९३ मध्ये गौतम वाघमारेने नामांतरासाठी याच नांदेडात स्वतःला पेटवून घेतले. १ जून २०२३ ला बोंढार हवेलीत चोवीस वर्षांचा अक्षय भालेराव मारला गेला. गावात भीमजयंती साजरी झाल्याचा राग त्याच्यावर निघाला. प्रत्येक वेळी वस्तीने पहिला दरवाजा ठोठावला तो पोलिसांचाच. आम्हालाही उद्या तोच ठोठवायचा आहे. आतून दार कोण उघडते, याची काळजी आम्हाला जमादारकाकांइतकीच आहे, कदाचित जास्त.

शेवटी त्या फोटोचे. विहारातल्या दहा घरांना पुन्हा विचारायचे आम्ही ठरवले आहे, या वेळी वंदनेनंतर नव्हे तर वंदनेआधी. पहिले घर जमादारकाकांचे. त्यांचा धाकटा मुलगा सध्या सुट्टीवर आला आहे असे कळते. तोही बसला तर बरे होईल.

जय भीम.